बाहेरच्या खोलीतली परीक्षा

कापसाला सोन्याचा भाव आला आणि आमच्या वऱ्हाडात माणसं माजली. काल ज्याच्या अंगावर धड सदरा नव्हता, तो आज बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या ठोकून मिरवू लागला. अशाच एका शेठला पुण्य करायची हुक्की आली. अमरावतीत बायकांना मास्तरणी करायची शाळा निघत होती, तिला त्याने आपली कापसाची जुनी वखार दिली. आम्ही तिथेच राहायचो, तिथेच शिकायचो. सगळ्या थोराड, बहुतेक विधवा.

वरणात सरकी, अंथरुणात सरकी, नाकात कापसाचे तंतू. तेही चाललं असतं. पण रविवारी शेठ पाहुणे घेऊन यायचा. "या, आमच्या वाचणाऱ्या बायका पाहा!" मग त्यांच्यासमोर उभं राहून धडा वाचायचा. ते पान चघळत आम्हाला खालून वर न्याहाळायचे आणि जाताना भिंतीवर पिचकारी मारायचे. शी!

माझ्या शेजारी निजायची ती रिद्धपूरच्या अलीकडल्या गावची होती. कुणबी घरची, नवरा पटकीने गेलेला, एक पोरगी तिने आपल्या सासरी, दिराकडे ठेवलेली. मी ब्राह्मणाची बालविधवा. पण त्या वखारीत तिच्याइतकं माझं कोणी नव्हतं. तिच्या दिराने तिला चारचौघांत शब्द दिला होता, "नोकरी लागली का घेऊन जा पोरीले." अकोटच्या मुलींच्या शाळेत जागा होती. पास झाली की तीच जायची. म्हणून बाई दिव्याशिवायही धडे घोकायची.

परीक्षेच्या आदल्या दिवशी गावचा गाडीवान कापूस घेऊन आला आणि सांगून गेला, "तुह्या पोरीचं लगन ठरलं. परवा हळद." नवरदेव कापसाचा अडत्या, चाळिशी उलटलेला बिजवर. पोरगी नऊ वर्षांची.

"शब्द देल्ला होता ना त्यानं मले!" ती म्हणाली. मग म्हणाली, "उद्या पास होतो आन् कागद त्याच्या तोंडावर मारतो."

आणि सकाळी तिला कावळा शिवला.

आमची काकू, म्हणजे आमच्यावर देखरेख करणारी सोवळी बाई, तिने हिला लगेच गोठ्यामागच्या बाहेरच्या खोलीत घातलं. तिथे कुजलेल्या सरकीचा ढीग असायचा, वासाने डोकं उठायचं. मी हातापाया पडले. काकू म्हणाली, "परीक्षा गेली खड्ड्यात. चौथ्या दिवशी न्हाऊन ये म्हणावं, मग बोल." परीक्षा घेणारा गोरा साहेब तर संध्याकाळीच अकोल्याला निघणार होता!

साहेब आला. एकेकीला फळ्यापुढे उभं केलं. तिचं नाव पुकारलं तेव्हा शाळेचा कारकून खाली मान घालून म्हणाला, "आजारी आहे, साहेब." शेठ छताकडे बघू लागला. दर रविवारी आम्हाला बाजारातल्या म्हशींसारखं दाखवणारी ही माणसं, आणि आता एक शब्द तोंडातून निघेना! गैरहजर मांडून मोकळे होणार होते मेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"साहेब," मी म्हटलं, "ती आजारी नाही. तिला विटाळ आहे. महिन्याचा. तुमच्या मडमेलाही येतो."

कारकुनाच्या हातातली लेखणी गळाली. साहेबाला मराठी बऱ्यापैकी कळायचं. तो कानापर्यंत लाल झाला. पण उठला, नाकाला रुमाल लावून गोठ्यामागे गेला आणि उंबऱ्याबाहेरून त्याने तिची परीक्षा घेतली. तिने धडा म्हटला, हिशेब तोंडी केला, नकाशाशिवाय नद्या सांगितल्या. साहेबाने तिथल्या तिथे कागद लिहून दिला. तो कारकुनाने तिच्या हाती दिला नाही. हातभर उंचीवरून त्या घाणीत टाकला. तिने उचलला, पदराने पुसला. मला त्या माणसाची आजही किळस येते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघी, कापूस विकून गावी परतणाऱ्या त्याच गाडीवानाच्या रिकाम्या गाडीत बसलो. काकू ओरडत होती, "अगं, तू शिवलीस तिला!" शिवले तर शिवले. गाडीवानाला आम्ही काही सांगितलंच नाही.

तिन्हीसांजेला पोचलो. दारात मांडव, आत हळद चाललेली. पूर्वी याच घरात तिला ते चारही दिवस उन्हात कापूस वेचायला धाडायचे, तेव्हा त्यांना विटाळ आठवायचा नाही. पैसा आला आणि त्याच्या मागून सोवळं आलं. आता पंगतीला ब्राह्मण होते.

तिने दिराला कागद दाखवला. तो हसला. "चुलीत घाल तो कागद. पोरगी भेटत नसते."

"काहून भेटत नाही?"

"इले बाहीर काढा रे," तो गड्यांना म्हणाला. दोघं पुढे आले.

"या," ती म्हणाली. "धरा मले. मी बाहेरची हावो. आज दुसरा दिवस हाय."

गडी जिथल्या तिथे थांबले. ती सरळ मांडवात शिरली. माय वो, काय पळापळ! नवरदेवाची आत्या पाटावरून उठून भिंतीला चिकटली, भटजींनी ताम्हण उचलून परसदाराकडे धूम ठोकली. हळदीने माखलेली पोरगी तेवढी पाटावर बसून राहिली. तिने लेकीला उचलून कडेवर घेतलं. आता त्या पोरीलाही कोणी हात लावणार नव्हतं.

दीर वेशीपर्यंत आमच्या मागे आला, आयमाय काढत, काठी आपटत. पण हातभर अंतर ठेवूनच.