माइकवरची नावं

आमची मुलगी शिरूरच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. दिवाळीनंतर एकदा जेवताना तिनं जाहीर केलं, "पप्पा, आमचा सेमिनार आहे. समाजशास्त्राची ओळख. आपल्या आजूबाजूची अशी एक गोष्ट निवडायची, की जी कुणालाच विचित्र वाटत नाही. ती नीट बघायची आणि स्टेजवर दहा मिनिटं बोलायचं. मत घालायचं नाही. फक्त काय दिसलं ते."

मत न घालता कुणी माइकवर दहा मिनिटं बोलल्याचं आमच्या तालुक्यात मी तरी ऐकलेलं नाही. पण मी भाकरी मोडत राहिलो.

तिनं विषय घेतला लग्नातला माइक. दौंडला माझ्या मेव्हण्याच्या मुलीचं लग्न होतं. आमच्याकडच्या लग्नात मुहूर्ताच्या बऱ्याच आधीपासून एक माणूस माइक धरून उभा असतो. मांडवात कोणी शिरलं की तो पुकारतो: अमुक गावचे माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, कारखान्याचे संचालक. कुणाचं नाव राहिलं तर त्याचा माणूस चिठ्ठी पुढे सरकवतो, आणि चिठ्ठी आली की माइकवाला ती वाचतोच. न वाचून सांगतो कुणाला? मग टॉवेल-टोपी, मग 'दोन शब्द' आशीर्वादाचे. तोवर मुहूर्त टळलेला असतो आणि भटजी मोबाइल बघत बसलेले असतात.

कुणाचं नाव किती वेळा पुकारलं जातं, एवढंच तिला मोजायचं होतं. ती माइकपाशी खुर्ची टाकून बसली, तेव्हा माइकवाला म्हणाला, "ताई, कुणाचं नाव घ्यायचंय? चिठ्ठी द्या की."

"कुणाचंच नाही, काका. मी नुसती ऐकतीये."

"नुसतं ऐकायला?" त्यानं तिच्याकडे काळजीनं पाहिलं.

मी सणसवाडीला एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहे. मी तिला सांगितलं, एका पीसवरून लॉट पास करत नाहीत, दुसरं लग्न बघ. म्हणून मग शिरूरचं, आमच्या शेजाऱ्यांकडचंही लग्न तिनं घेतलं. टक्केवारी काढायला मी शिकवलं. आकडे कमी असताना टक्केवारीनं फुगवू नकोस, हेही शिकवलं.

ती आजवर कधी स्टेजवर बोलली नव्हती. लेखी दिलं तरी मार्क मिळणार होते, पण ती म्हणाली, "मार्कांचं नाही हो पप्पा. मला बोलायचंय." महिनाभर ती गॅसपुढे उभी राहून कुकरला भाषण ऐकवत होती.

सेमिनारला पालकांनाही बोलावलं होतं. आम्ही नवरा-बायको गेलो. अध्यक्ष होते आप्पा. आप्पा म्हणजे माझ्या बायकोचे चुलते, कारखान्याचे माजी संचालक. दौंडच्या लग्नात सगळ्यांत लांब आशीर्वाद त्यांचाच होता. ते तासभर उशिरा आले. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक आणि सत्कार. प्राचार्यांनी आप्पांचा सत्कार केला, आप्पांनी प्राचार्यांचा. आप्पांच्या विरुद्ध पॅनलमधले एक चेअरमन पहिल्या रांगेत होते, त्यांना वगळलं तर कारखान्याच्या निवडणुकीत ते निघालं असतं, म्हणून त्यांचाही. पालकांचे प्रतिनिधी म्हणून माझाही झाला. मी काय केलं होतं, ते कुणी सांगितलं नाही.

शाल-नारळाचं तबक धरून उभी होती आमची मुलगी. आठ मुलं बोलणार होती, तिचा नंबर शेवटचा.

आप्पांचे दोन शब्द संपले तेव्हा समाजशास्त्राच्या मॅडमचा चेहरा उतरला होता. पाच मुलं घाईघाईनं बोलली. मग प्राचार्यांनी मॅडमच्या कानात काही सांगितलं आणि मॅडम माइकवर आल्या. "वेळेअभावी उरलेल्या तिघांनी आपलं टिपण लेखी द्यावं."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी मांडीवरच्या नारळाकडे पाहिलं.

सूत्रसंचालन करणारी मुलगी आभाराचं भाषण काढत होती. आमच्या मुलीनं तबक टेबलावर ठेवलं, त्यातल्या पेढ्यांच्या पुड्याचा कागद फाडून काहीतरी खरडलं आणि तिच्यापुढे सरकवलं. चिठ्ठी आली, तिनं वाचली. "अध्यक्ष महोदयांचं नाव दोन लग्नांत मिळून किती वेळा पुकारलं गेलं, याची माहिती आता प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी देत आहे."

उठायला निघालेले आप्पा परत टेकले. "आभार ऱ्हाऊ द्या. बोल गं पोरी."

माझी बायको तोंडाला पदर लावून हसत होती.

मुलगी बोलायला लागली. दोन्ही लग्नांत मिळून आप्पांचं नाव सव्वीस वेळा. आप्पांनी मान डोलावली. चेअरमनांचं एकोणीस.

चेअरमन उभेच राहिले. "एकोणीस कसं? दौंडला मी जेवाय बसलो तवा पुन्हा घेतलं व्हतं. ते धरलं का?"

"धरलंय, काका."

"आन् शिरूरला मी उशिरा आलो. ते काय बरोबरीचं न्हाई."

"उशिरा कोण येतं, ह्याला मोजणारी काय करणार?" आप्पा खुशीत म्हणाले. "खाली बसा. सव्वीस म्हंजी सव्वीस."

पुकारल्या जाण्यावर कुणी बोट ठेवतंय, असं दोघांनाही वाटलं नव्हतं. त्यांना तो निकाल वाटत होता. पोरं बाकांवर हात आपटायला लागली.

"अजून संपलं नाही," मुलगी म्हणाली. "प्रश्न शेवटी." बाकांवरचे हात थांबले. "नवरीच्या आईचं नाव. दौंड, शून्य. शिरूर, शून्य."

आप्पांच्या कपाळावर आठी आली. दौंडची नवरीची आई म्हणजे त्यांच्या पुतण्याचीच बायको. वीस-बावीस वर्षं तिच्या हातचं खाल्लेलं. "असं कसं? तिचं नाव म्हंजी..." ते माझ्याकडे वळले. "काय वो जावईबापू?"

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मी तिला आयुष्यभर वहिनी म्हणत आलो. मला तिच्या घराचं लाइट बिल किती येतं ते माहीत आहे. नाव काही केल्या ओठांवर येईना. बायकोकडे पाहिलं, तर ती छताकडे बघत होती.

शेवटी मुलीनंच माइकवर नाव सांगितलं. आप्पांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. उरलेल्या दोघांनाही मग बोलू दिलं, कारण आता मध्येच उठायला आप्पांना लाज वाटली असावी.

संध्याकाळपर्यंत कुणीतरी काढलेला व्हिडिओ दौंडला पोचला. वहिनींचा फोन आला. मुलीनं तो स्पीकरवर टाकला.

"दाजी, नाव आठवलं का माझं?"

"आठवलं की." मी नाव सांगितलं.

"चुकलं."

"चुकलं कसं? पत्रिकेत आहे, आधारला आहे."

"ते लग्नात ठेवल्यालं. तांदळात अंगठीनं लिव्हलं आन् झालं. आधी मला काय म्हणत व्हते, ते इचारलं का कुणी?"

मुलीचा चेहरा पडला. टिपणाची पक्की प्रत तिला सोमवारी द्यायची होती, आणि जे एक नाव तिनं स्वतः माइकवर घेतलं, तेच तपासलेलं नव्हतं. ती आईकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"व्हय. मला कुणी विचारलं?"

"मामी," मुलगी फोनजवळ सरकली, "सांगा ना. आत्ता लिहून घेते."

"फोनवर न्हाई. रविवारी ये. पाव्हणे असत्यात, सैपाक लई असतो. भाकरी थापता थापता सांगन. आन् बापाला आणू नको, ते टक्केवारी काढत बसत्यात."

मुलीनं रविवारची दौंडची एसटी किती वाजता आहे, ते मला विचारलं. ते मात्र मला पाठ होतं.