व्हर्लिनची कागदी प्लेट

वायोमिंगच्या डोंगरात शिकाऱ्यांना घेऊन जाणारा व्हर्लिन पहिल्याच दिवशी पाहुण्याला कागदी प्लेटवर नेम धरायला लावी. जितक्या अंतरावरून गोळी हमखास प्लेटला लागेल, तितक्याच अंतरावरून शिकार, हा त्याचा करार. प्लेट मग पाहुण्याच्याच खिशात राही.

यंदाचा पाहुणा डेक्स्टर, त्याचं अंतर दोनशे पावलं ठरलं होतं. शेवटच्या सकाळी दांडगं एल्क हरीण दिसलं, पण साडेतीनशेवर.

“मारू दे रे! घरी काय तोंड दाखवू?”

“जखमी होऊन पळालं, तर मी कुणाला तोंड दाखवू, बाबा?”

डेक्स्टरने खिशातली प्लेट चाचपली आणि बंदूक खाली केली. “पुढच्या वर्षी साडेतीनशेचा सराव करून येतो. माझी जागा राख.”

ती प्लेट व्हर्लिनने त्याच्याकडून मागून घेतली आणि तळावरच्या जेवणाच्या तंबूत, सगळ्यात मोठ्या शिंगांच्याही वर टांगली.