चौथी आज्ञा कोणाची?

देवाच्या दहा आज्ञांशी माझं फारसं जमायचं नाही, हे आधीच सांगून टाकते. विश्वास नव्हता असं नाही. ख्रिस्ती घरात जन्मले, प्रभूच्या प्रेमाची गाणी गात मोठी झाले. पण माहेरी सगळा भर गाण्यांवर आणि सासरी आज्ञांवर. लग्न होऊन आले आणि पहिल्याच रविवारी कळलं की या घरात उपासनेहून परतल्यावर, पानं वाढून झाली तरी, दहा आज्ञा म्हटल्याशिवाय कोणी घासाला हात लावत नाही. पाण्यालासुद्धा नाही. त्याही एकाने म्हणायच्या नाहीत, प्रत्येकाला वाटून दिलेल्या. पहिल्या तीन माझे सासरे, म्हणजे बाबा, म्हणायचे. चौथी आणि पाचवी सासूबाईंच्या. सहावी-सातवी माझ्या नवऱ्याच्या, आठवी-नववी मला मिळाल्या. पुढे आमची मुलगी नीट बोलायला लागली तशी बाबांनी दहावी तिच्या गळ्यात घातली, सगळ्यांत लांबलचक, शेजाऱ्याच्या बैल-गाढवासकट. समोर वरणभात निवतोय, पोटात कावळे ओरडतायत, आणि आमचं आपलं 'करू नको, घेऊ नको, बोलू नको' चाललेलं.

बाबा बालाघाट जिल्ह्यातल्या एका लहान गावात मिशनच्या शाळेत मास्तर होते. आवाज मोठा नव्हता, पण माणूस शब्दाला पक्का. मी जरा तोंडाळच. नवी नवरी असतानाच त्यांना विचारून बसले होते की प्रभूने आपल्याला कृपेने तारलं, मग ही नको-नकोची उजळणी कशाला? सासूबाईंनी पदराआडून डोळे वटारले. बाबा मात्र हसले. म्हणाले, "पोरी, आज्ञा पाळून कोणी तरत नाही, हे मलेही ठाऊक हाय. पण पाहा, मिसर देशातून त्यानं लोकायले आधी सोडवलं, मंग आज्ञा सांगितल्या. सुटलेल्या माणसानं घरात कसं राहावं, ते त्यात हाय." उत्तर चांगलं होतं. पण वरणभात निवायचा तो निवलाच होता, त्यामुळे मला काही ते पटलं नाही.

रविवार म्हणजे विसाव्याचा दिवस, म्हणून कामाची सगळी तयारी शनिवारी संध्याकाळी. भाज्या चिरून ठेवायच्या, कपड्यांना इस्त्री करायची, आणि बाबा पॉलिशची डबी घेऊन बसायचे ते घरातल्या सगळ्यांचे जोडे चमकवून दाराशी ओळीने लावूनच उठायचे. हात थरथरायला लागले तेव्हा ते काम माझ्या नवऱ्याकडे आलं. तोही बापाचाच लेक. एक जोडा पॉलिशला घेतला की सगळ्यांचे केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

मग मध्य प्रदेशाची वाटणी झाली, छत्तीसगड वेगळं निघालं, आणि भोपाळला सरकारी नोकरीत असलेल्या नवऱ्याच्या वाट्याला रायपूर आलं. शंकर नगरात सरकारी क्वार्टर मिळालं. शहराला तेव्हा राजधानी होण्याची भारी घाई होती. रस्ते खणलेले, जुन्या इमारतींवर नव्या पाट्या, लाल दिव्याच्या गाड्या. आम्ही भोपाळहून इकडे यायच्या आधीच सासूबाई गेल्या होत्या, म्हणून बाबांनाही सोबत आणलं. आणि इथे आल्यावर त्यांची आठवण हळूहळू विरत गेली. आधी नव्या शेजाऱ्यांची नावं, मग रस्ते, मग नातीचं नाव, मग माझं. दुपारी जेवून उठले की विचारायचे, "आज जेवण नाही का?" इथली उपासना हिंदीत, तीत ते मराठीत पुटपुटत बसायचे. राहिल्या त्या पहिल्या तीन आज्ञा. त्या मात्र एका शब्दाने चुकायच्या नाहीत.

अडायचं ते चौथीपाशी. सासूबाई गेल्यापासून ती जागा रिकामी होती. सुरुवातीला बाबा तिथे क्षणभर थांबत, आणि माझा नवरा खाली मान घालून चौथी-पाचवी म्हणून टाके. पण विसर वाढला तसं त्यांना ते चालेना. "हे तुही नाही," ते म्हणत. "हे तिची हाय. येऊ दे तिले." आणि दाराकडे पाहत बसत. अन्न निवून जाई, मुलीचे डोळे भरून येत. एकदा ती मला हळूच म्हणाली, "मम्मी, दादाजी को बता दो ना, दादी नहीं आएँगी." त्यांना सांगितलं तर ते दर वेळी नव्याने ऐकायचे आणि नव्याने रडायचे. शेवटी मी ठरवलं की पुरे झालं. येत्या रविवारपासून हा प्रकार बंद. सरळ छोटी प्रार्थना करायची आणि जेवायचं. नवऱ्याला मी तसं सांगितलंही. दुसऱ्या दिवशी त्याला दौऱ्यावर जगदलपूरला जायचं होतं, तो बॅग भरत राहिला.

ते उन्हाळ्याचे दिवस होते. नवरा पहाटेच निघाला, मुलगी शाळेत गेली, मी गच्चीवर पापड वाळत घालायला गेले. खाली आले तर बाबांची खुर्ची रिकामी. न्हाणीघर पाहिलं, मागचं अंगण पाहिलं. दाराची कडी काढलेली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. शेजारच्या बाईंनी सांगितलं की दादाजी पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत गीतांचं पुस्तक धरून चौकाकडे जाताना दिसले, आणि त्यांना वाटलं, घरचं कोणी पुढे गेलं असेल.

गीतांचं पुस्तक ऐकलं आणि माझी नजर दाराशी गेली. तिथे मुलीच्या सँडल आणि माझ्या चपला ओळीने लावलेल्या होत्या, लखलखीत. तेव्हा सगळं ध्यानात आलं. नवऱ्याने आदल्या संध्याकाळी दौऱ्यासाठी आपले बूट पॉलिशला घेतले आणि सवयीने सगळ्यांचे करून ठेवले. बाबांना वार कळत नव्हता, तारीख कळत नव्हती. पण जोडे चमकताना दिसले म्हणजे आज रविवार, एवढं त्यांच्या हाडात होतं. भर गुरुवारी ते उपासनेला निघाले होते.

मी रिक्षा करून आमच्या चर्चला गेले. फाटकाला कुलूप. आजूबाजूला विचारलं, कोणी पाहिलं नव्हतं. ऊन तापत चाललं होतं आणि डांबर पायाला भाजत होतं. बाबांना साखरेचा आजार, सकाळची गोळी दिलेली आणि वर नीटसा नाश्ताही झालेला नव्हता. नवऱ्याला कळवायला त्याचा काही फोन नंबर नव्हता, मोबाइल तेव्हा मोठ्या साहेबांकडेच. माझा जीव टांगणीला लागला. मी चर्चच्या पायरीवर बसले आणि देवाशी भांडले. प्रार्थना म्हणायची तर म्हणा. मी म्हटलं, "या माणसाने सगळं विसरून फक्त तुझ्या आज्ञा धरून ठेवल्या आणि त्याच आज्ञेने त्याला या उन्हात बाहेर काढलं. आता तूच सांभाळ त्याला. माझ्याने होत नाही." शेवटचं वाक्य रागाने निघालं, पण ते खोटं नव्हतं. खरंच होत नव्हतं माझ्याने. मी ओक्साबोक्शी रडले.

"का होगे दीदी?" काय झालं म्हणून कोणीतरी छत्तीसगडीत विचारलं. भिंतीच्या सावलीत सायकलरिक्षा लावून एक म्हातारा रिक्षावाला बसला होता. मी सांगितलं. तो लगेच उठला. "हव दीदी, एक झन सियान रिहिस, सादा कमीज पहिरे. तरिया कोन डहर हे, पूछत रिहिस." पांढरा शर्ट घातलेला एक म्हातारा तरिया कुठे म्हणून विचारत होता, आणि तरिया म्हणजे तळं. आणि मला आठवलं की बाबांच्या गावातलं चर्च तळ्याच्या काठावर होतं. तळं ओलांडलं की चर्च, हाच त्यांचा जन्मभराचा रस्ता. त्यांनी तळं विचारलं, आणि रायपुरात तळं विचारलं की माणसं बूढ़ा तालाब दाखवतात. मी म्हटलं, भैया, मला तिकडे घेऊन चला. तो उन्हात पेडल मारत निघाला, आणि मी वाटेतला प्रत्येक पांढरा शर्ट पाहत गेले.

तळ्याला लागूनच बूढ़ापारा ही जुनी वस्ती, तिथे एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी ओटा होता. तुळशीवृंदावन, कडेला रांजण, आणि जुन्या खुर्चीत बाबा. हातात पाण्याने भरलेला पेला, तसाच धरलेला. ओठ कोरडे पडले होते, चेहरा पांढराफटक. शेजारी नऊवारीतल्या एक काकू पदराने त्यांना वारा घालत होत्या. मराठी घर, कित्येक पिढ्यांपासून इथलंच. मला रडवेली पाहून त्या म्हणाल्या, "तुमचेच का हे बाबा? या, या, अगोदर बसा. भिंत धरून उभे होते उन्हात. मी म्हटलं, या बसा, तर म्हणे उपासनेले उशीर होऊन राहिला. कवाचं पाणी देऊन राहिली मी, पण पीत नाहीत, पेला धरून बसले."

मी म्हटलं, "बाबा, पाणी प्या." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओळख काही पटली नाही.

"तसे बोलून राहिले होते मघाशी," काकू सांगू लागल्या. "एकच देव म्हणे, दुसरा नको. मी म्हटलं बरं. मूर्ती करू नको म्हणे. म्हटलं, बरं बाप्पा, नाही करत, पण पाणी तर घ्या!" त्या हसल्या आणि तुळशीकडे पाहून त्यांनी कानाला हात लावला. "मग म्हणे, देवाचं नाव उगाच घेऊ नको. अन् थांबले. म्हणे, आता तिची पाळी. कोण ती, ते काही सांगत नाहीत. एकदा उठून चालले होते, मी म्हटलं, तिची पाळी हाय ना, मग ती येईपर्यंत थांबा. तशे बसले. म्हटलं, एवढी वाट पाहून राहिले म्हणजे येईलच कोणीतरी."

मी ओट्यावर बाबांच्या पायाशी बसले. त्यांचे जोडे धुळीने माखले होते. जी आज्ञा मला कधी दिलीच नव्हती, ती मी म्हणाले. बाबांच्या सोप्या शब्दांत ती अशी होती: विसाव्याच्या दिवसाची आठवण ठेव, तो देवाचा आहे. इतक्या वर्षांत ती शेकडो वेळा कानांवरून गेली असेल, पण तिची सुरुवात 'आठवण ठेव' अशी आहे, हे मला त्या ओट्यावर प्रथम ऐकू आलं. सगळं विसरलेल्या माणसाने नेमकी तीच पाळली होती. मग पाचवी म्हटली, आईबापांचा मान राख.

बाबांनी मान हलवली. "आली?" एवढंच म्हणाले, आणि पुढची ऐकायला कान माझ्याकडे केला. तेव्हा मला कळलं की हे पाणी का पीत नाहीत. अजून संपलं कुठे होतं? मी नवऱ्याच्या सहावी-सातवी म्हटल्या, माझ्या म्हटल्या, आणि मुलीची दहावी सुरू केली. शेजाऱ्याच्या घराचा लोभ धरू नको, त्याच्या बायकोचा, चाकराचा, बैलाचा, असं करत घाईघाईने शेवटाला आले.

"गाढव राह्यलं," बाबा म्हणाले.

काकू खळखळून हसल्या, मी रडता रडता हसले. गाढवाचाही लोभ धरू नको, असं म्हटल्यावर बाबांनी पेला तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. माझा जीव भांड्यात पडला. काकूंनी वरणभात आणला आणि बाबा लहान मुलासारखे जेवले. रिक्षावाला जाईना. गल्लीत उभा राहून वाट पाहत होता, आणि त्यानेच आम्हाला हळूहळू घरी पोचवलं.

याला चमत्कार म्हणावं का, मला ठाऊक नाही. शहाणे लोक म्हणतील, योगायोग. माझं एवढंच म्हणणं आहे की ज्या आज्ञेने बाबांना घराबाहेर काढलं असं म्हणून मी देवाशी भांडले, तिनेच त्यांना त्या ओट्यावर बसवून ठेवलं. ती पाळी नसती तर ते उन्हात पुढे चालत गेले असते. जिन्याचा कठडा धडधाकट माणसाला नडतोच, अर्धी जागा तो अडवतो. पाय थरथरायला लागले की समजतं, बांधणाऱ्याने तो कोणासाठी बांधला होता. आज्ञा आपण पाळतो असं मला वाटायचं. त्या आपल्याला पाळतात, हे मी बाबांकडे पाहून शिकले. असा माणूस मला सासरा म्हणून लाभला, याचं आजही कौतुक वाटतं.

त्या रविवारी काही बंद झालं नाही. बाबा तिसरीनंतर थांबले आणि दाराकडे न पाहता माझ्याकडे पाहिलं. मी चौथी म्हटली, पाचवी म्हटली. वरणभात निवला, पण मुलगी रडली नाही.

त्यानंतर बाबा दोन-एक वर्षं होते. माझं नाव त्यांना पुन्हा कधीच आठवलं नाही. शेवटच्या आजारात बूढ़ापाऱ्याच्या काकू त्यांना भेटायला आल्या होत्या. मी उशाशी बसून त्यांना चमच्याने पाणी पाजत होते. काकूंनी थट्टेने विचारलं, "बाबा, कोण हो हे तुमची?"

बाबांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग अगदी खात्रीने म्हणाले, "हे? हे आमची चौथी."

मी त्या प्रभूचे आभार मानते, ज्याने एवढ्या मोठ्या विसरातही मला त्यांच्यापाशी जागा ठेवली. ती मी मागितली नव्हती, उलट मोडायलाच निघाले होते. दर रविवारी पानं वाढली की आजही आम्ही पहिल्या तीन सगळे मिळून म्हणतो, आणि मग घर गप्प होतं, कारण पुढची माझी असते.