पाच मिनिटं वाहू दिलेलं पाणी

सरांच्या पिशवीत जेवणाचा स्टीलचा डबा असायचा आणि त्यात जेवण कधीच नसायचं. आत त्यांनी हाताने जोडलेलं सर्किट होतं, झाकणाच्या भोकातून वायर बाहेर आलेली. बोअरच्या पंपांच्या विजेचा गोंधळ आत शिरू नये म्हणून स्टील. आमच्या गावच्या बायका विचारायच्या, "सर, आज भाजी कशाची?" सर गंभीरपणे म्हणायचे, "शिशाची निघाली न्हाई म्हणजे बरं."

जालन्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते. नवीन जालन्यातून मोटारसायकलवर निघायचे आणि कारखान्यांच्या पट्ट्यालगतच्या खेड्यांत बोअरचं पाणी तपासत फिरायचे. मी मागे बसायचो. सगळ्यांसाठी ते डब्यावाले सर.

त्या वायरीला लावलेली बोटभर पट्टी पाण्यात बुडवली की मोबाईलवर रेघ उमटायची. ती समजावताना सरांची कॉलेजातली मराठी गळून घरची यायची. "आधी धातूला पट्टीवर बोलावून बसवायचं. मंग व्होल्टेज बदलत एकेकाला उठवायचं. शिसं आपल्या ठरल्या जागीच उठतं. रेघेला तिथं जेवढा उंचवटा, तेवढं शिसं. यंत्र बिलकुल खोटं बोलत न्हाई. खोटं बोलतो तो बाटली भरणारा!"

म्हणून त्यांचा एक हट्ट होता: तोटी पाच मिनिटं वाहू द्यायची, मगच बाटली लावायची.

एका उन्हाळ्यात दम्यामुळे सर घरी होते. मी डबा घेऊन एकटाच गावच्या बोअरच्या टाकीवर गेलो. पहाटे घागरींची रांग लागलेली, तोटी अजून उघडायची होती. त्या रांगेसमोर पाच मिनिटं पाणी मातीत सोडायचं? माझा हात धजला नाही. पहिल्याच धारेला बाटली भरली. उंचवटा असा आला की माझं डोकं पेटलं. फोनवर सर म्हणाले, "पुन्हा भर. जल्दी करू नको." पण आमचं घर चळवळीचं; मी पाढ्यांआधी पत्रकं शिकलो होतो. दुपारी मी दारोदार पत्रक टाकलं: 'आपल्या बोअरमध्ये शिसं! कारखान्यांना जाब विचारा!'

बायकांनी टाकी सोडली. नाल्यापलीकडच्या विहिरीवरून उन्हातान्हात पाणी वाहू लागल्या.

आठ दिवसांनी सर आले. पहिल्या धारेची एक बाटली भरली, मग तोटीखाली एकामागून एक घागरी लावल्या. "सांडायचं कशाला? हे भांडी घासायला होईल." मला हे सुचलंच नव्हतं. पाच मिनिटांनी दुसरी बाटली भरली. पहिलीत उंचवटा, दुसरीत सपाट रेघ. तीनदा पाहिलं. शिसं बोअरमध्ये नव्हतं. ते शिसं मिसळलेल्या जुन्या पितळी तोटीतून, रात्रभर तुंबलेल्या पाण्यात उतरत होतं. तोटी बदलली की संपलं.

"किती दारांत पत्रक टाकलंस?"

"सगळ्या."

"मंग सगळ्या दारांत जायचं."

धापा टाकत ते प्रत्येक उंबऱ्याशी थांबले. "आमची चूक झाली. पाणी चांगलंय, तोटी खराब आहे." गयाकाकू भडकल्या. "आठ दिस पाणी वाहून मान मोडली माझी! कुणी लिवलं होतं ते?" मी चपलांकडे बघत राहिलो. सर म्हणाले, "यंत्र माझं हाय, बाई. काय बोलायचं ते मला बोला." काकू बोलल्या, मनसोक्त. सरांनी हात जोडून सगळं ऐकलं.

बाहेर आल्यावर मी चिडून म्हणालो, "सर, आता कारखानेवाले हसतील."

"हसू दे. उद्या खरंच शिसं निघालं, तर या बायांनी आपलं ऐकलं पाहिजे."

सर जाऊन दोन वर्षं झाली. पत्रकं मी अजून काढतो, तितकीच तिखट. पूर्वी खाली नुसतं 'जागरूक ग्रामस्थ' असायचं. आता माझं नाव आणि घराचा पत्ता असतो. चूक निघाली, तर गयाकाकूंना बराबर माझ्या दारात येता यावं.