पातेल्याचा तळ

एके काळी माझा ढेकर वडगाव निंबाळकरात निघायचा आणि लोणी भापकरची कुत्री भुंकायला लागायची. खोटं वाटत असेल तर त्या कुत्र्यांना विचारा. ढेकर आंबट, छातीत जाळ, आणि पोट असं फुगलेलं की गोठ्यातली गाभण म्हैसही सरकून मला जागा द्यायची. मालकांनी दुकानातून इतक्या गोळ्या आणल्या की रिकाम्या पाकिटांच्या चांदीवर एखादं लग्न निघालं असतं.

शेवटी इंदापूरला एका वैद्यबाईंकडे गेले. बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. नाडी धरली, जीभ बघितली आणि विचारलं, "भूक कधी लागते?"

हा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता. म्हटलं, "लागती की, अकराच्या सुमाराला."

"आणि जेवता कधी?"

"समद्यांची झाली की."

म्हणजे आधी मामंजी, माझे सासरे. मग मालक, भावजी, पोरं. मग आत्याबाई, म्हणजे सासूबाई. मग मी. दोन वाजतात, कधी तीन. तोवर भूक येऊन, उंबऱ्यावर बसून, कंटाळून निघून गेलेली असते. मग उरलंसुरलं संपवायचं: रात्रीचं कालवण, सकाळची भाकरी, पोरांच्या ताटातला भात. अन्न टाकायचं नसतं. आमच्या घराला उकिरडे दोन होते. एक गोठ्यामागं, दुसरा माझ्या पदराखाली.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पोटात अग्नी असतो. तो मागतो तेव्हा दिलं नाही तर आधी भडकतो, मग मंदावतो. मंदावल्यावर वरून शिळंपाकं रचलं की ते पचत नाही, साचतं. त्या कच्च्या राहिलेल्याला आम्ही आम म्हणतो. बहुतेक दुखण्यांचं मूळ तिथं."

मला चटकन उमजलं. माहेरी आमचं गुऱ्हाळ होतं. चुलवाण विझायला आल्यावर त्यात ओलं चिपाड कोंबलं की गूळ होत नाही, नुसता धूर होतो. मी इतकी वर्षं धूर ओकत होते.

बाईंनी चूर्ण दिलं आणि बजावलं, "एखाद्या दिवशी चूर्ण राहिलं तर चालेल. पण भूक लागली की तेव्हाच, बसून, ताजं जेवायचं. हे चुकवायचं नाही."

घरी चूर्णावर कुणाची हरकत नव्हती. मालकांनी तर हौसेनं मध आणला. जेवणाचं कळल्यावर मात्र आत्याबाई म्हणाल्या, "औषध म्हणून भाकरी लिवून देती व्हय? गड्यांच्या आधी खाणारी बाई म्या न्हाय बघितली."

"आता रोज बघाल," मी म्हटलं.

आणि रोज दाखवली. भूक लागली की ताट घेऊन ओसरीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी बसायचे. मामंजी म्हणाले, "सूनबाई, जरा भूक आवर की."

"आवरून आवरूनच हितवर आलीया, मामंजी."

मग नणंदेच्या सासरचे पाहुणे आले. मटणाचा बेत. आत्याबाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. "आजचा दिस कळ काढ. लेकीच्या सासरी आपलं नाक जाईल."

मी भाकऱ्या थापल्या, मटण उतरवलं, पानं मांडली. आणि ऐन पंगत बसताना भूक लागली. साधीसुधी नव्हे. कारखान्याचं गाळप सुरू झाल्यासारखी. आज दडपली तर उद्यापासून पुन्हा उकिरडा, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी माझं ताट घेतलं आणि मालकांच्या शेजारी जाऊन बसले.

शिवारात ऊस वाढल्याचा आवाज ऐकू यावा अशी शांतता पसरली. पळी पातेल्यात उभी. पाहुण्यांतले वडीलधारे तात्या मिशीतून म्हणाले, "सुना पंगतीला बसत्यात व्हय तुमच्यात?"

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. मी भाकरी मोडली. त्यांनी खाकरून घेतलं आणि म्हणाले, "औषध घेतीया ती."

"मग वाढणार कोण?" तात्यांनी विचारलं.

"हात समद्यांनाच हायती की, तात्या," मी म्हटलं.

मालक कानापर्यंत लाल झाले, पण उठले. पाहुण्यांना वाढलं, बापाला वाढलं, भावाला वाढलं. मी वाटी पुढं केली, मलाही वाढलं. पाहुणे हात धुवायला गेले तेव्हा कुठं मालक खाली बसले आणि त्यांनी पातेलं कलतं केलं. आत गार झालेला रस्सा, आणि एक हाडूक, तेही कुणीतरी तपासून परत टाकलेलं.

"एवढंच?"

"तळाला रोज एवढंच असतं."

त्यांनी वाळकी भाकरी बुडवून खाल्ली. संध्याकाळी त्यांना असा ढेकर आला की लोणी भापकरची कुत्री पुन्हा भुंकली. मी मुकाट्यानं चूर्णाची डबी पुढं केली.

पण त्याआधी, दुपारीच, भांडी घासत होते तेव्हा आत्याबाई शेजारी येऊन बसल्या. त्या अजून जेवल्या नव्हत्या. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाल्या, "तुझ्या त्या बाईनं म्हाताऱ्यांच्या भुकंचं काय सांगितलंय?"

बाईंनी काहीही सांगितलं नव्हतं.

"लई कडक सांगितलंय, आत्याबाई. म्हाताऱ्यांचा अग्नी नाजूक. त्यांनी तव्यावरची पहिली भाकरी खायची. कागदावर लिवूनच दिलंय."

आत्याबाईंना वाचता येत नाही. मी हात धुतले आणि तवा पुन्हा चढवला.