टिळा लावलेलं कार्ड

माळ्यावर रिकामी खोकी साठतात ना, तसे घरात किस्से साठतात. फेकायला कुणी तयार नसतं. "राहू दे, कधी तरी कामी येईल!" आज त्यातले थोडे खाली काढते. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण कोण काय बोललं ते मला तोंडपाठ. नात लिहून घेतेय. तिने मध्येच काही सुधारलं तर मला लगेच कळतं.

तर ऐका. इंदूर नावाचं नगर होतं, त्यात सुदामा नगर नावाची कॉलनी. तिथे मिल बंद पडून घरी आलेले नाना, आमचा एकुलता एक मुलगा विनू, एक कॉम्प्युटर आणि मी, असे चौघं राहत होतो. कहाणीतल्या राजाला दोन राण्या असतात, एक आवडती, एक नावडती. आमच्याकडे कॉम्प्युटर आवडता होता!

*

नाना मिलच्या छपाई खात्यात डिझाइन काढायचे. चादरी, पडदे, सगळं. मिल गेली, पण हात शाबूत होता. नाना ग्राफच्या कागदावर फुलं काढायचे, विनू ती कॉम्प्युटरवर चढवायचा आणि क्लॉथ मार्केटच्या सेठजींना दाखवायचा. पसंत पडली की काम मिळणार.

पण कॉम्प्युटरच्या पोटात एक पट्टी असते, तिच्यामुळे पडद्यावर चित्र उमटतं. तिला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. आमचं होतं जुनं. चित्र वरून खाली एकेक ओळ उतरायचं, आणि रंग दिसायचे ते ठिपक्या-ठिपक्यांचे.

सेठजी पहिल्यांदा घरी आले ते कमळांची चादर बघायला. बघितली. चष्मा काढून पुसला, परत बघितली. म्हणाले, "नाना, इन कमलों को माता निकल आई क्या?"

नानांनी तीन आठवडे बसून काढलेली कमळं ती, आणि हे म्हणे त्यांना देवी आल्या! जाताना सेठजी म्हणाले, "दशहरे के आसपास फिर आऊँगा. तब भी ऐसा ही दिखा तो डिझाइन सूरत से मँगवा लूँगा."

सुरतेचं नाव मला आधीच नको झालं होतं. माझा भाऊ तिथेच होता. त्याचं पत्र येऊन पडलं होतं, "विनूला पाठव, इथे छपाईच्या कारखान्यात लावून देतो." विनूने बॅग माळ्यावरून काढून दाराशी ठेवली होती. दसऱ्याला काम मिळालं तर ठीक, नाही तर पोरगा चालला!

*

विनू जेल रोडला राजू भियाच्या दुकानात गेला, नवं कार्ड घ्यायला. राजू भिया बसलेला कार्ड विकायला, पण विकायचा मात्र नाही! "भिया, अभी मत लो. अगले महीने नया मॉडेल आ रहा है, इससे दुगना!"

विनू परत. महिन्याने गेला तर नवं आलेलं. राजू भिया म्हणाला, "आ तो गया, पर इसका बाप आ रहा है!"

श्रावणात बाप आला. तोवर कळलं, आजोबा निघालेत.

मी विनूला म्हटलं, "अरे, जो भाजीवाला म्हणतो उद्या ताजी येईल, त्याच्या टोपलीत आज काय आहे ते तरी बघ!" त्याला पटेना. शेवटी मीच त्याच्याबरोबर गेले. विचारलं, "भिया, तुम्हारी खुद की मशीन में कौन-सा है?"

राजू भिया जरा लाजला. "काकीजी, मैं भी रुका हुआ हूँ."

*

विनू नानांना समजावत होता, "नाना, नव्या कार्डात लाखो रंग दिसतात."

नाना म्हणाले, "लाखो? आमच्या मिलने आठ रंगांत अख्खा माळवा झोपवला!"

*

थांबण्याचं नानांना वावडं होतं, निदान सांगायला तरी. मिलमध्ये एकदा बातमी आली की छपाईचं नवं मशीन येणार. झालं! जुन्याला तेल कोण घालतो? "नवं येतंय ना!" नव्यासाठी खात्यात पक्का चौथरा बांधला. मशीन काही येईना. मग लोक चौथऱ्यावर बसून डबे खायला लागले. थंडगार, एकदम मस्त जागा! पुढे मिललाच कुलूप लागलं. शेवटच्या दिवशी नाना बघून आले तर जुनं मशीन गंजलेलं, चौथरा मात्र नवा कोरा.

ही गोष्ट नानांनी विनूला अगदी हात वर करकरून सांगितली. विनू उठला, चपला घातल्या. "मग नाना, घेऊनच येतो आजच."

नाना म्हणाले, "आज नको. आजोबा येऊन जाऊ देत."

*

अशाने गणपती गेले, पितृपक्ष गेला, घट बसले. मला राहवेना. एका सकाळी दोघं पोहे खात होते, तेव्हा मी विषय काढला. म्हटलं, "विनू, हे मला बघायला आले ना, तेव्हा पुढच्या रविवारी देवासची एक मुलगी बघायची ठरलेली होती. शिकलेली होती, पेटी वाजवायची. सासूबाई म्हणत होत्या, तीही बघून घेऊ. पण ह्यांनी आमच्या ओट्यावरच होकार दिला."

विनूने विचारलं, "नाना, तुम्ही तेव्हा का नाही थांबलात?"

नानांनी घास संपवला. म्हणाले, "पोहे गरम होते."

विनू तसाच उठला आणि कार्ड घेऊन आला!

*

तो दिवस नेमका खंडेनवमीचा निघाला. त्या दिवशी अवजारांची पूजा. एकदा टिळा लागला की दिवसभर अवजार चालवायचं नाही. नाना मिलमध्ये असल्यापासूनचा त्यांचा नेम. त्यांनी ब्रश, पट्ट्या आणि विनूचं नवं कोरं कार्ड, सगळं देवघरात मांडलं, हळदीकुंकू वाहिलं. "आता उद्याच बसव."

विनू तर मशीनचं झाकण उघडून, जुनं कार्ड उपसून बसलेला! तेवढ्यात दारात स्कूटर थांबली. सेठजी.

"दिखाओ भई, मैं कल बाहर जा रहा हूँ."

विनूने देवघराकडे बघितलं. नाना म्हणाले, "टिळा लागलाय. हात लावायचा नाही."

मी म्हटलं, "अहो, पोरगा सुरतेला जाईल!"

नानांनी उघड्या मशीनकडे बघितलं. मग म्हणाले, "मिलमध्ये खोललेल्या मशीनला टिळा लावत नसत. हे खोललेलं आहे, ह्याला टिळा नाही. जुनं कार्ड घाल आणि चालव!"

विनूने जुनं कार्ड घातलं. सेठजी समोर बसले. चित्र उतरायला लागलं, एकेक ओळ. आधी वरचा काठ आला, गडद मरून रंगाचा, त्यात नानांच्या हातची बारीक वेल. मग खाली चादरीची कोरी पांढरी जमीन, ओळीमागून ओळ. कमळं अजून बरीच खाली होती.

"रोको!" सेठजी ओरडले.

विनूने बटण दाबलं. चित्र अर्ध्यात थांबलं. वर काठ, खाली नुसतं पांढरं.

"बस. यही छापेंगे. पूरी चादर सादी, किनारे पे बेल."

नाना म्हणाले, "सेठजी, पण खाली कमळं आहेत."

"रहने दो, नाना. आदमी को सोना है, तालाब में थोड़ी उतरना है!"

निघताना सेठजींचं लक्ष देवघराकडे गेलं. हळदीकुंकू बघून त्यांनी कार्डालाही हात जोडले. दारातून वळून म्हणाले, "विनू भिया, मशीन में कुछ बदलना मत. बरकत है इसमें."

सुरतेची बॅग त्याच दिवशी माळ्यावर गेली. काठाच्या चादरी त्या दिवाळीला निघाल्या, पुढच्या दिवाळीलाही निघाल्या, आणि विनूचं लग्न झालं ते ह्याच घरात. नवं कार्ड अजून देवघरात आहे. दर खंडेनवमीला त्याला टिळा लागतो. शेजारी नानांची कमळं.