उमेदवाराच्या घरातली दोन प्रश्नचिन्हं

"दादा, हे काय आहे?" सुहासभाऊंनी मतदार यादी माझ्या टेबलावर आपटली. "माझ्याच घरात दोन प्रश्नचिन्हं?"

मी मुलुंडला इलेक्शनचं प्रचार ऑफिस सांभाळतो. रिटायर झाल्यावर लागलेलं व्यसन. कार्यकर्ते घरोघरी जाऊन यादीत नावापुढे खूण करतात. बरोबर म्हणजे आपला, फुली म्हणजे समोरच्याचा, प्रश्नचिन्ह म्हणजे कुंपणावरचा. माझा नियम एकच: ओळख बघून खूण करायची नाही. खोट्या खुणांवर विसंबून तोंडावर आपटलेले बरेच पाहिलेत.

भाऊ नगरसेवकपदाला उभे होते. समोर त्यांच्याच पक्षातला बंडखोर, त्यामुळे सीट डळमळीत. आणि आमच्या कुंदाताईंनी भाऊंच्या बायकोपुढे आणि आईपुढे प्रश्नचिन्ह टाकलेलं.

मी कुंदाताईंना बोलावलं. "भाऊंचं घर आहे, माहीत होतं ना?"

"मग? नियम तुमचाच. मी विचारलं, मत कोणाला? वहिनी म्हणाल्या, बघू. आजी म्हणाल्या, बघूया. याची बरोबर कशी करू?"

बाईंचं काही चुकलं नव्हतं. शेवटी मीच भाऊंच्या घरी गेलो. आजी तयारच होत्या.

"आमचो सुहास अख्ख्या बिल्डिंगीत हात जोडून फिरलो. वरच्या शहाबाईच्या पाया पडलो. आणि आमच्या दाराकडसून सरळ गेलो! वर माका निशाणी दिसता खय? डोळ्यात मोतीबिंदू. चुकान दुसऱ्याचा बटण दाबलंय तर माका बोलू नको."

रश्मीवहिनी चहा ठेवत म्हणाल्या, "ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं. दोन्ही वेळा सभा. मुलगा सोबत नसेल तर आई टेबलावर चढणार नाहीत. आता गुरुवारची तारीख मिळालीय. गुरुवारी काय आहे, तुम्हीच सांगा."

गुरुवारी मोठ्या साहेबांचा रोड शो होता. टाइमटेबल मीच केलेलं. खरं सांगतो, मला लाज वाटली.

भाऊंना सांगितलं, तर ते उखडले. "रोड शोला उमेदवारच नाही? वाट लागेल माझी!"

"मग प्रश्नचिन्ह राहू दे," मी म्हणालो.

संध्याकाळी पदयात्रा त्यांच्या बिल्डिंगमध्ये शिरली. भाऊंनी स्वतःच्या दाराची बेल वाजवली. वहिनींनी साखळी न काढताच दार किलकिलं केलं.

"कोण पाहिजे?"

"मत मागायला आलोय," भाऊ हात जोडून म्हणाले.

"इलेक्शन आलं की बरे दिसता!"

जिन्यातली पब्लिक खो खो हसली. मग साखळी निघाली. भाऊ आत जाऊन आईच्या पाया पडले. "आई, गुरुवारी मी येतो."

"लिवान दी," आजी म्हणाल्या. भाऊंनी स्वतःच्याच पत्रकामागे लिहून सही केली.

गुरुवारी जीपवर साहेबांशेजारी कुंदाताईंनी भाऊंचा कटआउट धरला होता. साहेब माझ्यावर डाफरले, "उमेदवार कुठाय?"

"साहेब, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन."

 साहेब माइक हातात घेऊन गरजले, "आईची सेवा करणारा उमेदवार आम्ही तुम्हाला दिलाय!" टाळ्याच टाळ्या. तेव्हा भाऊ हॉस्पिटलच्या बाकड्यावर आईची चप्पल सांभाळत बसले होते.

भाऊ निवडून आले, पण अगदी थोडक्यात. गुलाल उडत होता तेव्हा आजी काळा चष्मा लावून खुर्चीत बसल्या होत्या. मी वाकून विचारलं, "काकू, निशाणी दिसली ना?"

"झकास दिसली. पण खयचा बटण दाबलंय, ता सांगूचंय नाय."

तेव्हापासून सर्व्हे उमेदवाराच्याच घरापासून सुरू करतो. वहिनींपुढे नंतर बरोबरची खूण केली. आजींचं प्रश्नचिन्ह मात्र अजून तसंच आहे. नियम म्हणजे नियम.